टीपी-लिंक आर्चर सी६ : दोन पावसाळे, दोन चवथी आणि घरातल्या वस्तूंचे नंबर

हा राऊटर घेऊन आता दोन वर्षं झाली, दोन पावसाळे आणि दोन चवथी (गणेशचतुर्थी) त्याने आमच्या घरात काढल्या, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. राऊटर म्हटलं की पहिला प्रश्न येतो स्पीड किती मिळतो, तर ते आधीच सांगून टाकते, आमचं कनेक्शन शंभर एमबीपीएसचं आहे आणि ज्या खोलीत राऊटर आहे तिथं शंभरच्या आसपास मिळतात. ह्या विषयात मला एवढंच सांगायचंय. मला लिहायचंय ते त्याच्या आतल्या पानाबद्दल, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं की जे उघडतं ते. माझा प्रिंटर, सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा आणि कुळागरातला, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेतला, पंप, तिन्ही गोष्टी त्या एका पानामुळे मार्गी लागल्या आणि राऊटर विकत घेताना कुणी त्याबद्दल अक्षर बोलत नाही. आकडे मी इथं मराठीत लिहितेय पण तुम्ही टाइप करताना इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर पान उघडणार नाही.

आमचं घर डिचोलीपासून थोडं आत. जुनं, चिऱ्यांचं, मधे राजांगण आणि चारी बाजूंनी खोल्या, वर मंगळुरी कौलं. भिंती दीड-दोन फूट जाड. इंटरनेटवाल्यांनी त्यांचा डबा पुढच्या सोप्यावर बसवून दिलेला आणि तिथून मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचायचं म्हणजे चार भिंती ओलांडायच्या. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते, आजूबाजूच्या दुकानदारांचं जीएसटी, बिलं, थोडं टॅक्सचं. महिन्याची वीस तारीख म्हणजे थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, त्या दिवशी माझ्याकडे माणसं येऊन बसलेली असतात आणि प्रत्येकाला हातात कागद पाहिजे असतो.

आणि नेमका तेव्हाच प्रिंटर ऑफलाईन. हे मी जवळजवळ दीड वर्ष सोसलं. प्रिंटर चालू, दिवा हिरवा, वायफायला जोडलेला, आणि लॅपटॉप म्हणतोय ऑफलाईन. मग काढून टाका, परत जोडा, दहा मिनिटं गेली. मला वाटायचं प्रिंटरच खराब, दुरुस्तीवाल्यालाही तसंच वाटलं, त्याने ड्रायव्हर परत टाकून दिला आणि पैसे घेतले.

खरी गोष्ट चवथीला कळली. आमच्याकडे चवथीला मुंबईचे, पुण्याचे, वास्कोचे सगळे जमतात, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायलाच दहा जण असतात आणि प्रत्येकाच्या हातात फोन. आदल्या रात्री लाईट गेली, अर्ध्या तासाने आली आणि सकाळी प्रिंटर परत ऑफलाईन. माझा पुतण्या मुंबईत हेच काम करतो, तो म्हणाला, काकी, प्रिंटरचा आयपी काय आहे बघूया. लॅपटॉपमध्ये प्रिंटरच्या पोर्टमध्ये लिहिलेलं १९२.१६८.१.४. मग त्याने प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर जाऊन बघितलं तर तिथं १९२.१६८.१.१७. आणि चार नंबर कुणाकडे, तर त्याच्याच बायकोच्या फोनकडे! म्हणजे माझा लॅपटॉप इमाने इतबारे चार नंबरला कागद पाठवत होता आणि चार नंबरवर एक फोन बसला होता ज्याला कागदाचं काय करायचं ते माहीतच नाही.

हे होतं कसं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून जरा सांगते. घरात जे जे नेटवर्कला जोडलं जातं त्याला राऊटर एक नंबर देतो, त्याला प्रायव्हेट आयपी म्हणतात. ह्या नंबरांसाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत, १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ वाले, हे फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलं आणि अजून तसंच चालू आहे. बाहेरच्या इंटरनेटवर हे नंबर फिरत नाहीत, फक्त घरात. आपल्याकडे प्रत्येक पंचायतीत घर नंबर ११० असतो की नाही, तसं. आमच्या पंचायतीतलं ११० वेगळं, तुमच्या पंचायतीतलं वेगळं, आणि पोस्टमन आपापल्या हद्दीत चुकत नाही. तसाच १९२.१६८.०.११० माझ्या घरात माझा प्रिंटर आहे, तुमच्या घरात तो टीव्ही असेल.

नंबर वाटायचं काम राऊटर आपोआप करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. पण तो नंबर ठरावीक वेळेपुरता दिलेला असतो, उसना. वेळ संपत आली की वस्तू परत मागून घेते आणि सहसा तोच मिळतो, म्हणून एरवी आपल्याला काही कळत नाही. घोळ होतो लाईट गेली की. आमच्या जुन्या डब्याला लाईट गेल्यावर आधीचं काही आठवायचं नाही, लाईट आली की जो आधी जागा होऊन हात पुढे करेल त्याला पहिला नंबर, आणि फोन बॅटरीवर चालू असतात, प्रिंटरला उठायला वेळ लागतो, म्हणून फोन नेहमी पुढे. आमच्या भागात पावसाळ्यात लाईट जाणं म्हणजे रोजचं, तर प्रिंटरने नंबर तरी किती बदलावेत.

उपाय सोपा आहे, प्रिंटरला सांगायचं की हा नंबर तुझा, कायमचा. त्यासाठी राऊटरच्या पानात शिरायला लागतं, आणि इंटरनेटवाल्यांच्या डब्याचं पान मला उघडून मिळेना. पासवर्ड त्यांच्याकडे. फोन केला तर म्हणे कस्टमरला देत नाही, माणूस पाठवतो, माणूस आठ दिवसांनी आला आणि वायफायचा पासवर्ड बदलून गेला, जो मी मागितलाच नव्हता. माझ्या घरातला डबा, माझ्या विजेवर चालतोय, आणि आतली खोली मला बंद. ह्याचा मला खरंच राग आला होता, अजून येतो.

म्हणून आर्चर सी६ घेतला. पणजीला कामाला गेले होते तेव्हा अठरा जून रस्त्यावरच्या दुकानातून, अडीच हजाराच्या आसपास पडला. चार अँटेना, मागे घरातल्या तारांसाठी चार लॅन पोर्ट आणि बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या तारेसाठी एक वॅन, सगळे गिगाबिट, म्हणजे घरातल्या घरात तारेवरून फाइल हलवायची असेल तर शंभरची अडचण येत नाही. वायफाय ५ आहे, एसी१२०० लिहिलेलं असतं खोक्यावर, पण ती दोन्ही बँडची मिळून केलेली बेरीज आहे, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस, आणि तेही कागदावरचे आकडे, ते बघून घ्यायचा नाही. यूएसबी पोर्ट नाही, हार्डडिस्क लावून घरात सगळ्यांना सिनेमे बघायचे असतील तर हा तुमच्यासाठी नाही. मला ते नको होतं.

पहिल्यांदा पान उघडताना लोक जिथं अडकतात ते सांगते, कारण माझ्या दोन क्लायंटांना मी फोनवरून हे करून दिलंय आणि दोघेही एकाच ठिकाणी अडकले. नंबर वरच्या अ‍ॅड्रेसच्या पट्टीत टाकायचा, गूगलच्या शोधायच्या चौकोनात नाही, तिथं टाकला की भलत्याच साइट येतात आणि त्यातल्या काही तर लॉगिन मागतात, तिथं काही भरू नका. शेवटी एक आहे, इंग्रजी एल नाही, फोनच्या कीबोर्डवर दोन्ही सारखेच दिसतात. ब्राउझर म्हणेल सुरक्षित नाही, तर ते घरातल्या पानाला बाहेरच्या साइटसारखं सर्टिफिकेट नसतं म्हणून म्हणतो, घाबरायचं कारण नाही, फक्त आपण आपल्याच वायफायवर आहोत ना ते बघायचं. सुरुवातीलाच तो तुम्हाला तुमचा स्वतःचा पासवर्ड तयार करायला लावतो, तयार पासवर्ड देऊन ठेवलेला नाही, हे मला फार आवडलं. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ह्याच तयार पासवर्डांमुळे, लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर कंपनीचा मूळ पासवर्ड न बदलता लावलेले होते आणि त्याने ते ताब्यात घेऊन मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. तर कॅमेरा लावणारा माणूस गेला की पहिलं काम, पासवर्ड बदला. कुणाचं काय बिघडणार आहे माझ्या वळईतला कॅमेरा बघून, असं म्हणू नका.

आता मुख्य गोष्ट. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जायचं, नेटवर्क, मग डीएचसीपी सर्व्हर. तिथं खाली जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते आणि अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाचा भाग आहे. प्रत्येक वस्तूला तिचा एक मॅक अ‍ॅड्रेस असतो, दोन दोन अक्षरांचे सहा गट, प्रिंटरच्या पाठीमागे स्टिकरवर छापलेला असतो, तो आणि हवा तो नंबर दिला, सेव्ह केलं, प्रिंटर बंद करून चालू केला की झालं. मी शंभर ते एकशे नव्याण्णव एवढा पट्टा वाटपाला ठेवलाय आणि त्यातले नंबर असे लावलेत की लक्षात राहतील. हे फक्त शेवटचे आकडे, पुढे १९२.१६८.० असतंच. ११० प्रिंटर, १२१ पासून पुढे कॅमेरे, १३१ पंप, १४१ टीव्ही. मग लॅपटॉपमध्ये जुना प्रिंटर काढून परत जोडला, ह्या वेळी नुसता शोधून नाही तर आयपी अ‍ॅड्रेस देऊन. ती शेवटची वेळ. त्यानंतर दोन वर्षांत एकदाही ऑफलाईन आला नाही, लाईट शंभर वेळा गेली असेल.

आणि ११० ब्राउझरमध्ये टाकलं की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शाईच्या चार पट्ट्या, किती भरलेल्या ते दिसतं, किती पानं छापली त्याचा हिशोब, आणि तिथूनच स्कॅन पण करता येतं, कंपनीचं ते भलंमोठं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर न टाकता. मी ते सॉफ्टवेअर काढूनच टाकलं.

फोनचा नंबर पक्का करायला जाल तर एक अडचण येते. नवे फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस दाखवत नाहीत, बनावट दाखवतात, अँड्रॉइडमध्ये १० पासून आणि आयफोनमध्ये १४ पासून हे आलंय. बाहेर हॉटेलात, बसस्टँडवर हे चांगलंच आहे. घरातल्या वायफायपुरतं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण फोनला पक्का नंबर द्यायची गरजच सहसा नसते. ज्या वस्तूकडे आपण जातो तिला पक्का नंबर पाहिजे, जी वस्तू घेऊन आपण जातो तिला नको.

बसवताना दोन ठिकाणी मला त्रास झाला, दोन्ही सांगते. पहिला, इंटरनेटवाल्यांच्या डब्यातून तार काढून सी६ च्या वॅनला लावली आणि जुन्या डब्याचं वायफायही चालूच ठेवलं. म्हटलं दोन असलेली बरी. तर यजमानांचा फोन जुन्या वायफायवर, कॅमेरा नव्यावर, त्यांना कॅमेरा दिसेना. जुना डबा १९२.१६८.१ वाले नंबर वाटतो, नवा १९२.१६८.० वाले, म्हणजे घरात दोन वेगळे वाडे झाले आणि मधे भिंत. आतल्या वाड्यातून बाहेरच्या वाड्यात जाता येतं, बाहेरच्याला आत यायला वाट नाही. जुन्या डब्याचं वायफाय बंद करायला परत त्यांच्या माणसाची वाट बघावी लागली, पण ते बंद झाल्यावर सगळे एका वाड्यात आले. तुम्हाला हे टाळायचं असेल तर सी६ अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, टाकता येतो, पण मग नंबर वाटायचं काम परत जुन्या डब्याकडे जातं, आणि माझा सगळा खटाटोप त्याच कामासाठी होता.

दुसरा त्रास मागच्या खोल्यांचा. पाच गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या दोन भिंतींनंतर संपतोच, तो कुठल्याही राऊटरचा संपेल. राजांगणाच्या कडेने वासे धरून एक कॅट६ केबल मागे नेली आणि घरात पडलेला एक जुना राऊटर तिथं लावला. लावल्यावर मागच्या खोलीतल्या वस्तूंना नंबर मिळायचा पण इंटरनेट नाही, कधी मिळायचं कधी नाही, दोन दिवस डोकं फिरलं. कारण जुना राऊटरसुद्धा नंबर वाटत होता, एकाच घरात दोघे पंगतीला वाढायला उभे, आणि तो जो रस्ता सांगायचा तो कुठेच जात नव्हता. मग त्याचं पान उघडून त्याचा डीएचसीपी बंद केला, त्याचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.०.२ केला आणि केबल त्याच्या वॅनमधून काढून लॅनमध्ये लावली. ह्या तीन गोष्टी केल्या की कुठलाही जुना राऊटर नुसता वायफाय देणारा खांब होतो, नवीन काही घ्यायची गरज नाही. आणि कुठल्याही वस्तूवर कधी १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर समजायचं तिला राऊटरकडून काहीच मिळालं नाही आणि तिने स्वतःच एक नंबर घेतलाय, मग तार नाहीतर वायफाय बघायचं.

आता कॅमेऱ्याचं लिहिते, कारण खरं तर ह्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसले.

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या, गेल्या वर्षी पडल्या तेव्हापासून मागच्या खोलीत पलंगावर असतात. मी पुढच्या खोलीत काम करते. उन्हाळ्यात त्यांनी हाक मारली तर ऐकू येते. पावसात नाही. जुलैत कौलांवर आणि पडवीच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, मधे राजांगण भरून वाहत असतं, हाक कुठून ऐकू येणार. घंटी दिली होती, ती पण ऐकू येत नाही. त्यांना विचारून, त्यांच्याच सांगण्यावरून एक कॅमेरा पलंगाच्या बाजूला लावला आणि मी कंपनीच्या अ‍ॅपमधून बघायचे.

गेल्या जुलैत झाड पडून आमच्या रस्त्यावरची फायबर तुटली. अडीच दिवस इंटरनेट नाही. लाईट होती-जात होती, पण राऊटरला मी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावलेला आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर, त्यामुळे घरात सगळं चालू. अ‍ॅप उघडलं तर डिव्हाइस ऑफलाईन. कॅमेरा तिथं, माझ्यापासून चाळीस पावलांवर, दिवा लागलेला, आणि अ‍ॅप म्हणतंय ऑफलाईन, कारण अ‍ॅप आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला विचारतं आणि मग कॅमेऱ्याकडे येतं. बाहेरचा रस्ता बंद म्हणून घरातल्या घरात सुद्धा जाता येत नाही, ही काय पद्धत झाली.

पण कॅमेऱ्याचा नंबर मला पाठ, १२१. कॅमेऱ्यात आरटीएसपी नावाची, चित्र थेट घरातल्या नेटवर्कवरून बघायची सोय होती, ती बसवतानाच पुतण्याने चालू करून ठेवलेली, तिला पोर्ट ५५४ लागतो, आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये नेटवर्क स्ट्रीम उघडून आरटीएसपीचा पत्ता, त्यात १९२.१६८.०.१२१, युझर, पासवर्ड टाकला की थेट चित्र. लॅपटॉपवर दोन सेकंदांत आलं. पहिल्यांदा फोनवर करून बघितलं तर येईना, मग लक्षात आलं की वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि मोबाइल डेटावरून १२१ कुठून सापडणार. मोबाइल डेटा बंद केला आणि फोनवरही आलं. हे लक्षात ठेवा, इंटरनेट गेलेलं असताना घरातलं पान उघडत नसेल तर दहातल्या नऊ वेळा हेच कारण असतं.

त्या अडीच दिवसांत लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती खिडकी उघडी ठेवून मी काम केलं. दुसऱ्या रात्री, साडेदहा-अकरा झाले असतील, पाऊस असा की काही ऐकू येईना, आणि मला स्क्रीनवर दिसलं की आईंचा हात चादरीबाहेर आलाय आणि बाजूच्या स्टुलावर चाचपडतोय. पाण्याचा तांब्या स्टुलावरून खाली गेला होता. त्या हाक मारत होत्या, चित्रात तोंड हलताना दिसत होतं. मी धावत गेले. खोलीत पाणीच पाणी, त्या उठायला बघत होत्या, एक पाय खाली. मागच्या वेळी अशाच पडल्या होत्या. पोचले वेळेवर.

त्यानंतर मी घरात कुठलीही वस्तू घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारते, इंटरनेट बंद असताना ही घरातल्या घरात चालते का, हिचं स्वतःचं पान आहे का. बहुतेकांना उत्तर माहीत नसतं. माहीत करून घ्या म्हणते, मी थांबते.

पंपाचा स्विच तसाच बघून घेतला. कुळागरात पाणी सोडायचं काम पावसाळा संपल्यावर सुरू होतं ते थेट पुढच्या पावसापर्यंत, आणि पंप घरापासून लांब, संध्याकाळी चपला घालून, बॅटरी घेऊन उतरायचं, सापकिरड्याची भीती. आता मागच्या राऊटरची रेंज पंपघरापर्यंत जेमतेम जाते, १३१ उघडलं की एक बटण, चालू आणि बंद, आणि टायमर. स्विच थेट मोटरला जोडलेला नाही, मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा स्विच, आहे, ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, एवढ्या मोटरचा भार छोटा स्विच पेलत नाही.

बाहेरून बघायचं असेल तर? यजमान पणजीला कामाला असतात, त्यांनाही आई दिसायला पाहिजे. कॅमेरा बसवणारा म्हणाला पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो. मी नको म्हटलं, कॅमेऱ्याचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवायचं आणि पासवर्डच्या भरवशावर झोपायचं हे मला पटलं नाही. आणि तसंही आमच्याकडे ते चाललंच नसतं, सी६ च्या पानावर बघितलं तर बाहेरचा नंबर जुन्या डब्याने दिलेला, आणि डब्याच्या पलीकडचा नंबर १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ पासून कंपन्यांनी एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांत वाटण्यासाठी राखलेला आहे, अशा कनेक्शनवर बाहेरून आपल्या घरापर्यंत सरळ वाटच येत नाही. आम्ही घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर टेलस्केल, म्हणजे बाहेरूनही घरच्या नेटवर्कात सुरक्षित शिरता येतं असं सॉफ्टवेअर, टाकलं आणि त्याला आपल्या नेटवर्कचा रस्ता दाखवायला सांगितलं, आता यजमान पणजीत बसून तोच १९२.१६८.०.१२१ टाकतात आणि घरात असल्यासारखंच उघडतं.

चवथीचं सांगायचं राहिलं. सी६ मध्ये गेस्ट नेटवर्क वेगळं करता येतं आणि पाहुण्यांना घरातल्या बाकी वस्तू दिसू द्यायच्या की नाही ते तिथंच ठरवता येतं, मी ती खूण काढून ठेवलीय. त्याचं नाव, पासवर्ड मोठ्या अक्षरात कागदावर लिहून बाहेरच्या खोलीत चिकटवला. ह्या वर्षी सव्वीस फोन होते, सगळ्यांचे व्हिडिओ कॉल, आरतीचं लाइव्ह, पण माझा प्रिंटर, आईंचा कॅमेरा त्यांना दिसत नाही. पुतण्याच्या मुलाला मात्र टीव्हीवर फोनमधलं दाखवायचं होतं ते गेस्टवरून जमेना, कारण टीव्ही घरच्या नेटवर्कवर. त्याला तेवढ्यापुरता घरचा पासवर्ड दिला, मग बदलला. मोठी गैरसोय नाही पण पाहुणे यायच्या आधी लक्षात असू द्या.

विजांचं पण बघा. मे अखेर आणि मग ऑक्टोबरात, गडगडाट असतो तेव्हा, मी राऊटरचा प्लग काढते आणि मागे जाणारी केबलही काढते. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण वाशांवरून नेलेली केबल तांब्याची आहे. मागच्या जुन्या राऊटरचा एक पोर्ट असाच गेला. सी६ चे अजून चारही शाबूत आहेत.

घ्यावा का? घर छोटं असेल, फ्लॅट असेल, इंटरनेटवाल्यांच्या डब्याचं पान तुम्हाला उघडत असेल तर नवीन काही घेऊ नका, त्यातच सहसा रिझर्व्हेशनची सोय असते, आज संध्याकाळी करून टाका, अर्ध्या तासाचं काम. पन्नास लोक राहणारं गेस्टहाउस असेल तर ह्याच्याहून मोठं काहीतरी बघा. आमच्यासारखं घर, दहा-पंधरा वस्तू, एक माणूस जो पान उघडून बघायला तयार आहे, तिथं हा पुरतो. मी अजून एक घेऊन माहेरी फोंड्याला दिलाय.

आणि सगळे नंबर लावून झाले की सिस्टिम टूल्समध्ये बॅकअप आहे, ती फाइल काढून ठेवा. राऊटरच्या मागचं रीसेटचं बटण कुणी दाबलं तर सगळे नंबर परत एकेक करून टाकायला लागतील, फाइल असेल तर एका मिनिटात परत येतं. माझी पेनड्राइव्हवर आहे, आणि पेनड्राइव्ह मीटरच्या पेटीच्या दाराला आतून, जिथं नंबरांचा कागद चिकटवलाय तिथंच, पाकिटात. कागदावर शेवटची ओळ आईंनी माझ्याकडून लिहून घेतलीय, १२१ म्हणजे मी.